गाडीतच बिघाड निघू दे

देवापुढे हात जोडून माणसं काय काय मागतात. पण आपली गाडी बिघडलेली निघू दे, असं मागणाऱ्या अख्ख्या रत्नागिरीत बहुधा कुसुमताई एकट्याच असतील. नवरात्र तोंडावर आलेलं, देव घासायला काढलेले, आणि या बाई चिंचेने बरबटलेल्या हातात ताम्हन धरून पुटपुटत होत्या, "गाडीतच बिघाड निघू दे रे बाबा. मोठा निघाला तरी चालेल."

कारण बिघाड गाडीत नसेल, तर तो दत्तात्रेयांच्या डोक्यात होता. तिसरी शक्यता त्यांच्या मुलाने शिल्लकच ठेवली नव्हती.

दत्तात्रेय म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. नाचणे रोडला घर, मागे हापूसची थोडी कलमं आणि दारात जुनी पांढरी गाडी. गाडीवर त्यांचा जीव असा, की कुसुमताई तिला उघडपणे सवत म्हणायच्या. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत डोकावायचं आणि पातळी खाली गेली असेल तर भरायचं, हा त्यांचा नेम. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी यंदाच्या पावसाळ्यात सारखं कमी होतंय, असं ते म्हणत. ते जातं कुठे, हे मात्र कुणाला दिसत नव्हतं, म्हणून घरात त्यांची थट्टाच व्हायची.

गणपतीत यज्ञेश, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला. सगळे मिळून देवरुखला आत्याकडे जाऊन आले आणि परतताना निवळीच्या चढावर गाडीचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी बाजूला घेतली. इंजिन निवेपर्यंत सगळे रस्त्याच्या कडेला थांबले. मग टाकी बघितली, तर ठणठणीत कोरडी.

"मी सकाळीच भरलंय," दत्तात्रेय म्हणाले.

"बाबा, मग ते गेलं कुठे?" यज्ञेश मोबाइलचा उजेड घेऊन चिखलात गुडघे टेकून गाडीखाली वाकला. खाली कूलंटचा एक थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने तपासून सांगितलं, गळती कुठेच नाही, भरायचं राहिलं असेल.

राहिलं असेल! एवढे दोनच शब्द, पण ते त्या दिवशी घरात शिरले आणि पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले.

निघायच्या आदल्या दिवशी यज्ञेश स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. "आई, बाबा टाकी भरतच नाहीत. भरल्यासारखं त्यांना वाटतं. तुझ्या लक्षात येत नाही का?"

"काही वाटत बिटत नाही. चांगले खणखणीत आहेत ते."

"आणि दादूचं काय?"

दादू म्हणजे त्यांच्या कलमांची निगा राखणारा गडी. जूनमध्ये दत्तात्रेयांनी त्याला फवारणीला बोलावलं आणि तो पंप पाठीला लावून दारात आला, तर यांनी विचारलं, तुला कुणी बोलावलं? कुसुमताईंनी तेव्हा दादूलाच दटावलं होतं, तुझाच दिवस चुकला असेल म्हणून. दादू पंप घेऊन परत गेला होता.

यज्ञेशचं सगळं ठरलं होतं. कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन झालेली. दसऱ्याला येताना तो गाडीला गिऱ्हाईक घेऊन येणार होता. "उद्या घाटात इंजिन बसलं तर? आणि गाडी गेली की तुम्ही दोघं पुण्याला चला. इथे दोघंच राहणं आता बरं नाही."

दत्तात्रेय हे सगळं पडवीत बसून ऐकत होते. एरवी मुलाशी दोन तास वाद घालणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. कुसुमताईंना भीती वाटली ती तिथे.

यज्ञेश गेल्यावर त्यांनी नवऱ्यावर पाळत ठेवली. लाज वाटत होती, पण ठेवली. सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या अंगणात उभ्या राहायच्या. दत्तात्रेय त्यांच्यासमोर टाकी रेघेपर्यंत भरायचे, दोघं भाजीला नाही तर बँकेत जाऊन यायची, आणि दुसऱ्या सकाळी पाणी जिथल्या तिथे. रोज जिथल्या तिथे. म्हणजे समोर कुणी उभं असलं की पाणी कमी होत नव्हतं.

"मी देवरुखला जायच्या दिवशी भरलं होतं ना गं?" एका सकाळी दत्तात्रेयांनी बॉनेटला हात टेकून विचारलं. त्यांच्या तोंडून असा प्रश्न कुसुमताईंनी एवढ्या वर्षांत ऐकला नव्हता.

"भरलं होतंत," त्या म्हणाल्या. पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

अशात रविवार उजाडला. गिऱ्हाईकाला दाखवायची म्हणून यज्ञेशने फोनवरून गाडी स्वच्छ करून ठेवायला सांगितलं होतं. देव घासून झाल्यावर कुसुमताईंनी रागारागाने बादली घेतली आणि गाडीची दारं उघडली. विकायची तर विकायची, पण आपल्या घरची वस्तू घाणेरडी गेली असं कुणी म्हणायला नको.

पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी अंथरलेलं रबरी पायपुसणं उचललं, तर खालचं कार्पेट ओलं. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पावसाळ्यात रत्नागिरीत कुणाच्या गाडीत कोरडं असतं? ठिबकत्या छत्र्या सगळे तिथेच ठेवतात. शिवाय तिथे एक गोडूस वासही होता, आणि त्याचंही उत्तर घरात ठरलेलं होतं. मे महिन्यात पिकल्या पायरी आंब्यांची एक पेटी तिथेच फुटली होती. वास आला, की जो तो म्हणायचा, आंबा मुरलाय.

कुसुमताईंनी कार्पेटवर बोट दाबून नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं. मग बादली बाजूला सरकवून त्या तिथेच दाराच्या कडेवर बसल्या.

उभ्या हयातीत त्यांनी आंब्याची साठं घातली होती. ताटात पसरलेला रस उन्हात कसा आटतो, ढग आला की कसा फसफसतो, दुसऱ्या दिवशी कसा आंबूस येतो, हे त्यांच्या नाकाला पाठ होतं. मेमधला रस आश्विनापर्यंत गोड राहतो होय? एव्हाना त्याला बुरशी येऊन गाडीत बसवलं नसतं. आणि मुंग्या? साखरेचा दाणा सांडला तरी या घरात मुंग्यांची रांग लागते. त्या गाडीत एक मुंगी नव्हती.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो, इकडे या! हा आंबा नाही! तुमच्या टाकीतल्या पाण्यालाच असा वास आहे!"

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत दर्शनचं गॅरेज होतं. दत्तात्रेय गाडी चालवत होते आणि कुसुमताई शेजारी पाय वर उचलून बसल्या होत्या, जणू खाली पुरावा होता आणि तो पुसला जायला नको होता. रविवार असल्याने कारखाने बंद, रस्ते मोकळे. दत्तात्रेयांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "नसेल तसं, तर यज्ञेशला कळवू नकोस."

"असेल," त्या म्हणाल्या.

दर्शन चांगला मेकॅनिक, पण बायकांनी इंजिनाबद्दल काही सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर एक गोड हसू यायचं. तसं ते आलं. "काकी, आंब्याचाच रस तो. सगळ्यांच्या गाडीत हाय."

"माझ्या नाकाला शिकवू नकोस. तू तपास."

त्याने तपासलं. आधी ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. इंजिनाच्या आत पाणी शिरत असतं तर ऑइल दुधट झालं असतं. ते स्वच्छ होतं. मग गाडी चालू करून मागे धुराकडे बघितलं. धूर पांढरा नव्हता. "इंजिन बरा हाय," तो म्हणाला, आणि एरवी ज्या वाक्याला पेढे वाटावेत ते ऐकून कुसुमताईंचा चेहरा पडला.

मग त्याने इंजिन बंद केलं. गाडी अजून नीट तापलेली नव्हती. त्याने कूलंटच्या टाकीला हातपंप जोडला. त्याला घड्याळासारखी तबकडी होती. पंपाने आत दाब भरायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. कुठे गळत असेल तर दाब टिकत नाही, काटा खाली येतो. दर्शनने पंप मारला. काटा चढला आणि थांबला.

तिघंही बघत राहिले. दत्तात्रेय हात मागे बांधून उभे होते, निकाल लागायच्या दिवशी त्यांच्यासमोर मुलं उभी राहायची तसे. काटा हलला नाही. दर्शनने गाडीखाली डोकावून पाहिलं, पाइपांवरून हात फिरवला, परत काट्याकडे आला. काटा खिळा मारल्यासारखा जागच्या जागी.

"नाय ओ काकी," तो हळूच म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "गळत असता तर उतरला असता. सर, तुमी भरायला..."

"पुढे बोलू नकोस," कुसुमताई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. "निवळीला गाडी अशी कोमट होती का? रटरटत होती. रोज बँकेत जाऊन येतो तेव्हा काही होत नाही, लांब गेलं की होतं. मग तिला तेवढी तापवून बघ ना!"

"तिचं बरोबर आहे," दत्तात्रेय एकदम म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता. "दर्शन, थंड असताना भेग मिटलेली असेल. धातू तापला की ती उघडेल. दाब तेव्हा घे. आणि हीटर पूर्ण उघडा ठेव, म्हणजे त्या बाजूलाही गरम पाणी फिरेल."

दर्शनने डोकं खाजवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. एका दमात हातखंब्यापर्यंत हाकून परत आणली. आता टाकीचं झाकण लगेच उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येणार, म्हणून थोडं थांबणं आलं. ते थांबणं कुसुमताईंना सोसेना. त्या गॅरेजच्या दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. दत्तात्रेय एका टायरवर बसून होते. मध्येच त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कुसुम, मी भरत होतो गं." कुसुमताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दर्शनने फडकं धरून झाकण सैल केलं, वाफ निघून जाऊ दिली, पंप जोडला, दाब भरला. काटा चढला. थांबला.

आणि मग हलला. इतका थोडा, की कुसुमताईंना वाटलं आपलीच मान हलली. पण तो पुन्हा हलला. दर्शन पांढऱ्या कापडाची चिंधी घेऊन डाव्या दारातून आत वाकला आणि डॅशबोर्डच्या पोटाखाली त्याने ती चिंधी चेपून धरली. बाहेर काढली तेव्हा ती हिरवीगार झाली होती.

"आयला!" तो म्हणाला. "हीटरची कॉइल फुटलीय."

कुसुमताईंनी ती चिंधी त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली. उलटसुलट करून बघितली, हुंगली आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायलाही लागल्या, आणि दोन्ही एकदम करणं कसं दिसत असेल याची त्यांनी बिलकूल पर्वा केली नाही. गाडीत हीटर असतो, त्याला गरम कूलंट पुरवणारी एक छोटी जाळी डॅशबोर्डच्या आत असते, आणि ती फुटली तर पाणी रस्त्यावर न पडता माणसांच्या पायाखाली पडतं! रत्नागिरीत हीटर लावतो कोण? आयुष्यात ते बटण कुणी फिरवलं नव्हतं, मग तिकडे बघणार कोण? दर्शन खजील होऊन म्हणाला, "मीच हसलो ओ काकी तुमाला," आणि त्यांनी त्याला उदारपणे माफ करून टाकलं.

"दोन पाइप जोडून कॉइल मधून काढूनच टाकूया," दर्शन म्हणाला. "सगळे तसाच करतात. इथे हीटर कशाला हवा?"

"नको," दत्तात्रेय ताठ उभे राहत म्हणाले. "नवी बसव. लंगडी गाडी मी चालवत नाही." किती दिवसांनी त्यांचा आवाज असा लागला होता.

कॉइल समोर राजश्रीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारायला हवी होती. दर्शनचे हात कूलंटने भरलेले, दत्तात्रेय त्याला कॉइल बाजूने कशी ओढून काढायची ते सांगण्यात गुंग. "मी जाते," कुसुमताई म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच गेल्या.

राजश्री चाळिशीची, चटपटीत बाई. दुकान एकटीने चालवायची. गाडीचं नाव सांगितल्यावर ती मागच्या फळीकडे वळली.

"सरांची गाडी ना? अवो काकी, ती कॉइल कदीची येऊन पडलीय."

"आमची नव्हे. आत्ताच तर कळलं, आत्ता मागायला आलेय मी."

"तुमचीच. सरांनीच तर सांगून ठेवलानी." राजश्रीने धूळ झटकत एक खोका काउंटरवर ठेवला. "श्रावणात आलेले, भर पावसात. इथे उभं राहून मला अख्खा समजावून सांगितलानी. पाणी बाहेर गळत नाय, आत पायाखाली गळतंय, हीटरची कॉइल गेलीय म्हणून. म्हणाले, घरात बोलू नको, सगळे मला वेड्यात काढतायत, दुरुस्त करूनच दाखवतो."

कुसुमताईंचा हात काउंटरवर होता. तो त्यांनी तिथेच घट्ट दाबून धरला. "मग?"

"मग कोल्हापुरातून मागवली. गणपतीच्या आधी आली तवा मी फोन केला, तर म्हणाले, कुठली कॉइल? मला वाटलं नीट ऐकू गेला नसेल. दुसऱ्या दिवशी परत केला, तर चिडले. म्हणाले, बाई, माझ्या गाडीला काही झालेलं नाही, तुम्ही चुकीच्या माणसाला फोन करताय." राजश्री अवघडून हसली. "मी समजले, दुसरीकडून घेतली असतील. काकी? बसताय का जरा? पाणी देऊ?"

"नको," कुसुमताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो, दे."

पाणी पिताना त्यांना समोरच्या गॅरेजमधले दत्तात्रेय दिसत होते. हातवारे करून ते दर्शनला काही समजावत होते आणि दर्शन मान डोलावत होता. सगळं त्यांनी आधीच शोधून काढलं होतं. कुणाच्या मदतीशिवाय, पावसात भिजत, एकट्याने. आणि मग ते त्यांच्यातून निघून गेलं होतं. निवळीच्या चढावर मुलाने जाब विचारला तेव्हा उत्तर या फळीवर पडून होतं आणि त्यांना ते सांगता आलं नव्हतं. कुसुमताईंना दादूचा चेहरा आठवला, पंप पाठीला लावून दारात उभा राहिलेला. त्या बिचाऱ्याचा दिवस चुकला नव्हता. त्यांनी पेला काउंटरवर ठेवला.

"राजश्री, हे फोनचं सरांना बोलू नकोस हां."

राजश्रीने त्यांच्याकडे बघितलं. तिला कळलं असावं. तिने खोका पिशवीत घालून दिला.

"मिळाली? एवढ्या लगेच?" दत्तात्रेयांनी लहान मुलासारखा पिशवीत हात घातला.

"होती दुकानात," कुसुमताई म्हणाल्या.

दुपार कलेपर्यंत काम झालं. जुनी कॉइल बाहेर आली, तिच्या कडेला हिरवट पोपडे धरलेले. नवी बसली, ताजं कूलंट भरलं, आतली हवा काढून झाली. दर्शनने गाडी पुन्हा तापवून पुन्हा दाब घेतला आणि या वेळी काटा हलला नाही. दत्तात्रेय काट्याकडे बघतच यज्ञेशला फोनवर सांगत होते, "अरे, कॉइल! हीटरची! तुझ्या आईने वासावरून पकडली. मग? मी भरतच होतो, सांगत नव्हतो का?" मग त्यांनी विजयी मुद्रेने फोन बायकोकडे दिला.

कुसुमताई फोन घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला गेल्या.

"आई, मी उगाच बाबांना नाही नाही ते बोललो," यज्ञेशचा आवाज पडला होता. "गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगतो. आणि ती कोल्हापूरची डॉक्टरची वेळही रद्द करतो."

कुसुमताईंनी वळून गॅरेजमधल्या दत्तात्रेयांकडे बघितलं.

"आई?"

"गिऱ्हाईक आणू नकोस," त्या म्हणाल्या. "वेळ राहू दे."

"का? आता तर सगळं..."

"राहू दे म्हटलं ना. ये, मग बोलू."

त्या परत आल्या तेव्हा दत्तात्रेय गाडीत बसून, आरसा पुसून, निघायच्या तयारीत होते. कुसुमताई त्यांच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उतरा जरा. मला बसायचंय तिथे."

"तुला?"

"मागे शिकवत होतात ते अर्धं राहिलंय. आज रविवार आहे, रस्ता मोकळा आहे. लायसन्सचं पुढे बघू."

दत्तात्रेय डोळे विस्फारून बघत राहिले आणि मग खो खो हसले. यज्ञेशच्या जन्माआधी त्यांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली होती आणि तिने पहिल्याच दिवशी शेजारच्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर, चिऱ्याच्या गडग्यावर नेऊन घातली होती. तेव्हापासून तिने स्टीयरिंगला हात लावला नव्हता. "जोशांचा गडगा! तू ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलास. हिरवं लुगडं नेसली होतीस. वरचे दोन चिरे अजून वाकडे आहेत बघ!" त्यांना सगळं आठवत होतं, लुगड्याच्या रंगासकट.

ते उतरले, वळसा घालून आले आणि डाव्या सीटवर बसले. पायाखालचं कार्पेट दर्शनने काढून उन्हात टाकलं होतं. कुसुमताईंनी सीट पुढे ओढली. स्टीयरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"घाबरायचं नाही," ते म्हणाले. आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. "हा क्लच, हा मधला ब्रेक, हा ॲक्सिलरेटर. डावा पाय फक्त क्लचसाठी, उजवा बाकीच्या दोघांसाठी. निघण्याआधी रोज टाकी बघायची, इंजिन थंड असताना. चढावर काट्याकडे लक्ष. राहील ना लक्षात?"

"राहील," कुसुमताई म्हणाल्या. "मी ठेवीन लक्षात."

आणि त्यांनी किल्ली फिरवली.